ब्रेकताईचा डावा गाल

आमच्या समोरच्या दारातल्या ब्रेकताईचे दोन गाल दोन वेगळ्या वयांचे आहेत. उजवा अजून चाळिशीच्या उंबरठ्यावर रेंगाळतोय आणि डावा कधीच साठी ओलांडून आरामखुर्चीत बसलाय. मधे नाक आहे म्हणून दोघांत भांडण होत नाही, एवढंच.

ही थट्टा मी तिच्या तोंडावर केलेली आहे, त्यामुळे इथे लिहायला कसली चोरी नाही. तीही हसायची. "मग नाकाचं वय किती धरू?" असं विचारायची. हल्ली हसत नाही. त्याला कारण तिचे गाल नाहीत, तिची मैत्रीण आहे. आमच्या अख्ख्या रस्त्याने ती हकिकत अर्धवट ऐकलीय, आणि अर्धवट गप्पा माझ्याच्याने सहन होत नाहीत, म्हणून पुरती सांगते.

ब्रेकताई गाडी चालवायला शिकवते. शिकणारा उजवीकडे स्टेअरिंगवर, ती डावीकडे. तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. तुम्ही प्रेमाने भिंतीकडे निघालात की तुमच्या आधी तिचा पाय खाली जातो, आणि आवाज मात्र तसाच, दूध उतू जाऊ नये म्हणून फुंकर घालावी तसा: "असू दे, परत पहिला टाका." तिच्याकडे शिकायला बहुतेक बायका येतात. नवऱ्याने स्टेअरिंगला हात लावू दिला नाही अशा, लावू दिला आणि वर आयुष्यभर टोमणे मारले अशा. त्या सगळ्यांना ठाऊक असतं की आपण काहीही केलं तरी या बाईचा पाय ब्रेकवर आहे. तिची कमाई काय म्हणाल तर ही. तिने "वळा" म्हटलं की माणूस डोळे मिटून वळतो. मीही वळते. मी तिची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. जुनी म्हणजे अजून पास न झालेली.

आता एवढी वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत डाव्या खिडकीशी बसल्यावर ऊन काय करणार? ते येतं आणि रोज त्याच गालावर बसतं. काच वर केली तरी बसतं. आधी एक तपकिरी ठिपका आला. मग त्याची भावंडं आली. मग दोन मोठे ठिपके सरकत सरकत एकमेकांना मिळाले आणि गालफडावर शर्टाच्या गुंडीहून मोठा, नकाशातल्या बेटासारखा डाग झाला. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत तीच वस्ती, आणि कातडी सुरकुतलेली. उजवा हात मात्र दुसऱ्याच कुठल्या बाईचा वाटतो.

तिचा नवरा परगावी बंदरावर क्रेन चालवतो. अधूनमधून येतो, जेवतो, झोपतो, उठून परत जातो. त्याने बायकोचे दोन्ही गाल एकाच दिवशी पाहिले असतील असं मला वाटत नाही. घरात ती आणि तिची आई. आईला डोळ्यांनी कमी दिसतं, पण मळ दिसतो. संध्याकाळी ब्रेकताई येऊन बूट काढायला स्टुलावर बसली की म्हातारी ओला रुमाल घेऊन हजर.

"किती वेळा सांगितलं, त्या बॉनेटखाली तोंड घालू नकोस. बघ, ग्रीस लागलंय."

आणि घासायला लागायची. ब्रेकताई मुकाट्याने गाल पुढे करायची.

"निघालं का गं आई?"

"निघालं थोडं. राहिलेलं उद्या."

हे रोज चालायचं. आमची दारं समोरासमोर, आणि दोन्ही उघडी. मी कांदा चिरता चिरता बघायचे आणि हसायचे. एकदा मात्र आई आत गेल्यावर ब्रेकताईने स्वतःच तो रुमाल उचलला आणि गाल खसाखसा घासून बघितला. मग रुमाल उजेडात धरला. काही लागलंय का ते पाहत होती. मी कांद्याकडे बघायला लागले.

इथे मखमल येते.

मखमल म्हणजे कोपऱ्यावरची पार्लरवाली. हात मऊ, बोलणं त्याहून मऊ, म्हणून मखमल. तुमच्या ओठावरचे केस उपटत असतानासुद्धा तुम्हाला वाटावं की हिने आपल्यावर उपकार केले. ती आणि ब्रेकताई लहानपणापासूनच्या मैत्रिणी, एकाच गल्लीत वाढलेल्या. ती ब्रेकताईला अजून "ढब्बू" म्हणते. म्हणायची.

दोघींची एक कानाची गोष्ट आहे, ती आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लहान असताना झोपाळ्यावर आधी कोण बसणार यावरून दोघींची जुंपली. मखमलीने ढब्बूला कान धरून खाली ओढलं. कानातली रिंग हातात आली आणि उजव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटली. फ्रॉकभर रक्त. मखमल भीतीने रडायला लागली, कारण तिच्या घरी वडील पट्ट्याने मारायचे. तेव्हा ढब्बू घरी जाऊन म्हणाली, "आंघोळ करून अंग पुसताना रिंग टॉवेलात अडकली." आईने आधी तिलाच एक धपाटा दिला, मग डॉक्टरकडे नेऊन टाके घातले. पाळी सांधली, पण मधे खाच राहिली, शेंग उकलताना अर्धवट राहावी तशी. आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "धांदरट आहे माझी पोर. टॉवेलात कान फाडून घेतला."

ही गोष्ट मला पार्लरमधेच कळली, दोघींच्या तोंडून, भुवया कोरून घेताना. मखमल म्हणाली होती, "आमची मैत्री तेव्हापासून हिच्या कानात अडकलीय बघ." मला ते इतकं आवडलं होतं की मी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग काढून घ्या म्हणावं, कानाला संसर्ग होईल." आमचे हे कधीमधी चुकून बरोबर बोलतात.

तर रुमालाच्या प्रकारानंतर ब्रेकताई मखमलीकडे गेली. मी सोबत होते, कारण मला तिथे काही काम नव्हतं. मखमलीने तिला खुर्चीत बसवलं, दिवा फिरवला, गालावरून बोट फिरवलं.

"एवढे दिवस काय झोपली होतीस, ढब्बू? माझ्याकडे आहे ना याच्यावर."

फळीवरून तिने एक पांढरी डबी काढली. डबीवर ना नाव, ना कशाने बनवलंय ते. फक्त झाकणावर सोनेरी फूल. "ओळखीतून येतं. बाजारात मिळत नाही. रात्री लाव, सकाळी लाव, बघ गाल कसा लख्ख होतो ते." मग फोन काढला. "थांब, आधीचे फोटो घेऊन ठेवते. डावा दाखव. हं. आता उजवा."

"उजव्याला काय झालंय?" ब्रेकताईने विचारलं.

"मला दोन्ही लागतात गं. माझ्या माहितीसाठी."

ब्रेकताईने मान वळवली. गळ्यात तिचा हिरवा स्कार्फ होता. तो नीट लक्षात आहे, कारण त्याच आठवड्यात तिच्या आईने तो जुनं फडकं समजून कापला आणि त्याने गॅस पुसायला घेतला.

सुरुवातीला, खोटं कशाला बोलू, डाग खरंच फिके दिसायला लागले. गाल तुकतुकीत झाला. आई रुमाल घेऊन आली आणि बुचकळ्यात पडली. "आज बॉनेट नव्हतं का?" ब्रेकताई दिवसभर खूश. मला त्या दिवशी तिने रिव्हर्स घेऊ दिला, यावरून ओळखा.

मग हळूहळू गाल लाल व्हायला लागला. उन्हात निघालं की चरचरायचा. बारीक बारीक फोड आले, गालावर लव वाढली, आणि त्या लालीमागून डाग परत डोकावायला लागले, आधीपेक्षा गडद. मी म्हटलं, "अगं, हे काय टोमॅटोसारखं?"

"गुण येतोय. ती म्हणाली, आतलं बाहेर पडतंय."

"किती आहे आत?"

"तू आरसा बघ, क्लच सोड," असं म्हणून तिने विषय संपवला. मैत्रिणीबद्दल ती ऐकून घेत नसे. तरी तीही आरशापुढे उभी राहून विचारात पडत असणार, कारण एकदा ती मखमलीकडे जाऊन म्हणाली की मला काही फरक दिसत नाही. मखमलीने फोन पुढे केला. "हा बघ, मागच्या खेपेला तू दमून डोळे मिटून पडली होतीस तेव्हा काढलेला. कुठे आहेत डाग? तुमच्या न्हाणीघरातला बल्ब पिवळा आहे, त्याच्यात कुणीही आजारी दिसेल. आरशापेक्षा कॅमेऱ्यावर विश्वास ठेव." फोटोतला गाल स्वच्छ होता. ब्रेकताईने घरी येऊन बल्ब बदलला.

आणि मखमलीने विचारलं, "तुझे फोटो बाहेर लावू का गं? आपल्या दोघींचंच नाव होईल." ब्रेकताई हो म्हणाली. मैत्रिणीला नाही कसं म्हणणार?

पार्लरच्या काचेवर दाराएवढा बोर्ड लागला. वर "आधी": डागाळलेला डावा गाल. खाली "नंतर": तोच गाल, लोण्यासारखा. शेजारी सोनेरी फुलाची डबी.

आता यातली मेख बघा. ब्रेकताईच्या शिकाऊ बायका बसतात तिच्या उजव्या हाताला. त्यांना दिसतो तो तिचा उजवा गाल, ज्याला उन्हाने कधी हात लावला नाही. येताना बोर्ड बघायच्या, गाडीत बसून शेजारी बघायच्या, आणि म्हणायच्या, "मॅडम, खरंच की हो. तुम्ही हेच लावता?" ब्रेकताई समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून म्हणायची, "हो, मी हेच लावते." खोटं त्यात अक्षर नव्हतं. उतरल्या की बायका थेट पार्लरमधे.

त्यातलीच एक, दवाखान्यातली नर्स. पोरगी चुणचुणीत, गाडीही चांगली चालवायची. ती एका सकाळी तोंडाला ओढणी गुंडाळून आली. काढली तर दोन्ही गाल भाजल्यासारखे.

"मॅडम, तुमच्या शब्दावर लावलं हो मी."

ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. नुसती बघत होती. तेवढ्यात तिला ब्रेकताईचा डावा गाल दिसला, कारण ब्रेकताई गाडीबाहेर उभी होती. नर्स जवळ आली, गाल निरखला आणि म्हणाली, "तुमचं पण तेच झालंय. चला माझ्याबरोबर."

मीही सोबत गेले. नर्सच्या दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीसारख्या. त्यांनी भिंग लावून एकेक डाग पाहिला, बेटासारखा डाग जरा जास्तच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "डाग उन्हाचे आहेत, घाबरण्यासारखं काही नाही. कुठल्या डागाचा रंग किंवा काठ बदलला तर मात्र लगेच या. काचेतून ऊन भाजत नाही म्हणून आपल्याला वाटतं ते आत येत नाही. डाग पाडणारं ऊन येतं." नर्सने आणलेली डबी उघडून त्यांनी वास घेतला, बंद केली. "यात काय आहे ते तपासल्याशिवाय छातीठोकपणे नाही सांगणार. पण तुमचा चेहरा सांगतोय की स्टिरॉइड असावं. आधी उजळ दिसतं, मग कातडी पातळ होते, लाल होते, लव येते. आता हे थांबवलं की पहिले काही दिवस आणखी भडकेल. त्याला घाबरून परत डबीकडे जाऊ नका. मी औषध देते."

"आणि डाग?" ब्रेकताईने विचारलं.

"आधी कातडी सावरू दे. तोवर फक्त उन्हापासून बचाव करणारं क्रीम, गालाला, कानाला, मानेला, हाताला, आणि दिवसातून परत परत. मग बघू. रात्री लावायची चांगली क्रीम आहेत, वाटाण्याएवढं पुरतं, त्याला महिने लागतात. डाग फिके होतील. पुसून जाणार नाहीत. आणि तसंच उन्हात बसलात तर परत येतील."

बाहेर आल्यावर मी तोंड उघडायच्या आधीच ब्रेकताई म्हणाली, "तिलाही कुणीतरी फसवलं असणार. डबी ती बाहेरून आणते."

"असेल."

"तिला बिचारीला काय कळतंय आत काय आहे ते."

"तेच म्हणतेय मी," असं म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा आमच्या घरात थर्मामीटर आणतात.

दुसऱ्या दिवशी माझा तास होता. रस्ता भरलेला, मागे टेम्पो, पुढे रिक्षा, आणि मी गाडी नेमकी मखमलीच्या पार्लरसमोर बंद पाडली. मुद्दाम नाही हो. मुद्दाम करण्याइतकी गाडी मला येत नाही. मागून हॉर्न सुरू झाले. मी किल्ली फिरवतेय, गाडी खोकतेय, आणि डावीकडे, ब्रेकताईच्या खिडकीसमोर, फुटपाथच्या पलीकडे, तो बोर्ड. रोज तिथून जाताना तिचं लक्ष रस्त्यावर असायचं. इतका वेळ ती त्याच्यासमोर पहिल्यांदाच थांबली होती.

ती बघत राहिली. मग तिचा हात डाव्या कानाकडे गेला. पाळी चाचपली. मग उजव्या कानाकडे गेला.

"गाडी बंद कर," ती म्हणाली.

"बंदच आहे."

मी वाकून बघितलं तेव्हा मला दिसलं. "नंतर"मधल्या त्या लोण्यासारख्या गालाशेजारी कान होता, आणि त्या कानाच्या पाळीला खाच होती. म्हणजे तो डावा गाल नव्हताच. तो तिचाच उजवा गाल, आरशात दिसावा तसा उलटा केलेला. आणि खाली, बोर्डाच्या कडेला, गळ्यापाशी हिरव्या स्कार्फची एक घडी. गॅस पुसून पुसून कधीच चिंध्या झालेला तो स्कार्फ.

"आधी" आणि "नंतर" यांच्यात मान वळवायला लागतो तेवढाच वेळ गेला होता. क्रीमची डबी तेव्हा उघडलीही नव्हती.

टेम्पोवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ब्रेकताईने स्वतः उजवीकडे येऊन गाडी कडेला लावली, आरसा नीट केला, हँडब्रेक ओढला, आणि पार्लरमधे गेली. मी मागोमाग. मला बोलावलं नव्हतं, पण येऊ नको असंही म्हटलं नव्हतं.

मखमल भुवयांच्या दोऱ्याचा गुंता सोडवत होती. "ये गं ढब्बू. अगं बाई, लाल झालंय जरा. लावतेस ना नेमाने?"

"तो खालचा फोटो कधी काढलास?"

"मागे नाही का, तू दमून आली होतीस..."

"तेव्हा माझ्याकडे हिरवा स्कार्फ नव्हता."

"असेल गं. कोण लक्षात ठेवतं."

ब्रेकताईने केस मागे सारले आणि उजवा कान तिच्यापुढे धरला. "ही खाच कुठल्या कानाला आहे?"

मखमलीच्या हातातला दोरा तसाच ताणलेला राहिला. खोटं पकडलं गेल्यावर माणसं चिडतात किंवा रडतात. तिने तिसरंच केलं. ती समजूत घालायला लागली, त्याच मऊ आवाजात.

"हे बघ, चेहरा तर तुझाच आहे ना? मी काय दुसऱ्या कुणाचा लावला? सगळ्याच पार्लरवाल्या असं करतात. गिऱ्हाइकाला जरा धीर लागतो, मग ते नेमाने लावतात."

"गिऱ्हाइकाला धीर मीपण देते. रोज देते. पण माझा पाय ब्रेकवर असतो."

"डबीत काय आहे ते मला कुठे माहीत? मी आणते बाहेरून."

"फोटो बाहेरून नाही आणलास."

मखमल दोरा बोटाला गुंडाळायला लागली. ब्रेकताई म्हणाली, "त्या बायकांनी तुझा बोर्ड बघून नाही घेतलं. माझ्या तोंडाकडे बघून घेतलं. त्या नर्सचे गाल जाऊन बघ. काढ तो बोर्ड. आणि सांग त्यांना."

"काढते गं. पण आत्ता लगेच नको. लोक विचारतील का काढला म्हणून. थोडे दिवस जाऊ दे, आपोआप विसरतील." आणि मग ती हसली, लाडात आल्यासारखी. "तू फक्त गप्प राहा. तुला जमतं ते. टॉवेलाच्या वेळी नाही का राहिलीस?"

मी ब्रेकताईकडे बघितलं. तिच्या तोंडावर कुणीतरी मारल्यासारखा तिचा उजवा गालसुद्धा लाल झाला. दोन्ही गाल पहिल्यांदा एका वयाचे दिसले. तिने केस परत कानावर घेतले आणि बाहेर पडली.

गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला, सोडला, परत लावला. मग म्हणाली, "तिने गाल बघितला फक्त. कानाकडे तिचं लक्षच गेलं नाही." थोड्या वेळाने परत, "कान तिला आठवलाच नाही." टॉवेल मात्र आठवला, हे मी बोलले नाही. मला जिभेवर ब्रेक नाही असं आमचे हे म्हणतात, पण त्या दिवशी लागला.

पुढचे दिवस तिने एकेका शिकाऊ बाईला बाजूला घेऊन सांगितलं की ती डबी टाका, त्या डॉक्टरीणबाईंकडे जा, माझ्या गालाला गुण आलेला नाही. निम्म्या बायकांनी ऐकलं. काही तिच्या उजव्या गालाकडे बघून गोंधळल्या. आणि एक, जिला ब्रेकताईने तीनदा भिंतीत जाण्यापासून वाचवलं होतं, ती माझ्याजवळ म्हणाली, "त्या दोघींचं काहीतरी बिनसलंय, म्हणून मॅडम असं बोलतात. बोर्ड तर अजून लावलेलाच आहे." बोर्ड लावलेला होता खरा. मखमल तो काढायचं नाव घेत नव्हती.

मग ब्रेकताईने पॅरलल पार्किंग शिकवायला घेतलं.

दोन गाड्यांच्या मधल्या जागेत कडेला समांतर गाडी लावायची, हा तिच्या शिकवण्यातला शेवटचा धडा. एरवी ती त्यासाठी मैदानामागच्या रिकाम्या रस्त्यावर न्यायची. आता मखमलीच्या पार्लरसमोर न्यायला लागली. तेही सकाळी, त्या कडेला सावली असते तेव्हा, कारण डॉक्टरीणबाईंची आज्ञा तिला मोडायची नव्हती. शिकाऊ बाई पुढे-मागे, पुढे-मागे करत गाडी कडेला लावायची, आणि गाडी थांबली की ब्रेकताईची खिडकी बरोबर बोर्डासमोर. काच खाली. सोललेला, लाल, डागाळलेला डावा गाल फुटपाथकडे, आणि त्याच्या समोर दाराएवढा लोण्याचा गाल. "परत एकदा," ती म्हणायची. "घाई नाही."

बोर्डाबद्दल ती एक शब्द बोलली नाही हो, मी मागच्या सीटवर बसून बघत होते. फुटपाथवरून जाणाऱ्या बायका आधी बोर्ड बघायच्या, मग खिडकी, मग परत बोर्ड. पार्लरच्या दाराला हात घातलेल्या दोघीजणी आमच्या डोळ्यांदेखत माघारी फिरल्या. माझी पाळी आली तेव्हा तर मी इतका वेळ लावला की ब्रेकताई म्हणाली, "तुझ्याएवढी कामाला आलेली विद्यार्थिनी मला मिळाली नाही." तेवढंच काय ते त्या दिवसांत तिचं हसणं.

मखमल एकदा बाहेर आली. खिडकीपाशी वाकून हळूच म्हणाली, "ढब्बू, किती दिवस छळणार आहेस? मी तुझी कोण आहे?"

ब्रेकताई शिकाऊ बाईला म्हणाली, "डावा आरसा बघा. कडेला माणूस उभं आहे. ते बाजूला होईपर्यंत गाडी हलवायची नाही."

मखमल बाजूला झाली. दोन दिवसांनी काचेवर नुसते चिकटपट्टीचे चार डाग राहिले होते. डबी फळीवरून गेली म्हणतात. मागच्या खोलीतून मिळते असंही म्हणतात. मी खात्री केलेली नाही, कारण मीही आता तिथे जात नाही. परिणामी आमच्या भुवया आम्हीच कोरतो. मी ब्रेकताईची एक कोरली ती जरा आखूड झाली. ती म्हणाली, "राहू दे, नाहीतरी माझं तोंड दोन बायकांचंच आहे." पण ते हसून नाही म्हणाली.

लोकांना वाटतं, बोर्ड निघाला म्हणजे संपलं. मी समोर राहते, मला दिसतं. संध्याकाळी ती स्टुलावर बसते, बूट काढते, आणि आई रुमाल घेऊन येते. डॉक्टरीणबाईंचं पांढरं क्रीम चेहऱ्यावर असतं म्हणून आता म्हातारी म्हणते, "भिंतीला टेकलीस का कुठे?" मग हाताला तो सोललेला भाग लागतो. परवा तिने विचारलं, "हे भाजलंस कशावर?"

"मखमलीच्या क्रीमने."

"छे. ती पोर असं करायची नाही." आईने रुमाल पिळला. "तुझा कान टॉवेलात फाटला तेव्हा तुझ्यापेक्षा जास्त तीच रडत होती. आठवतंय ना? मीच जेवायला थांबवून घेतली तिला. माझ्या हाताने भरवलं."

ब्रेकताईच्या एका पायात बूट, एक हातात. माझा कांदा तसाच राहिला.

"आई," ती म्हणाली, "कान टॉवेलात नव्हता अडकला."

"मग?"

"तिने ओढला होता. झोपाळ्यावरून. मी खोटं बोलले होते, तिला मार बसू नये म्हणून."

म्हातारी थांबली. लेकीच्या केसांत हात घालून तिने उजवा कान शोधला, त्या खाचेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मला वाटलं आता ती मखमलीला चार शिव्या घालेल, किंवा लेकीला जवळ घेईल.

"म्हणजे त्या टॉवेलाचा काही दोष नव्हता," ती म्हणाली. "आणि मी तो त्याच दिवशी फेकून दिला. चांगला होता गं."

मग तिने रुमालाची कोरडी बाजू काढली आणि डावा गाल, अगदी हलक्या हाताने, टिपायला घेतला.